चिकट्याची जागा

माझ्या भाच्याला घरात सगळे चिकट्या म्हणायचे. लहानपणी त्यानं डिंकाच्या बाटलीत हात घालून बोटं एकमेकांना चिकटवून घेतली होती, आणि रडायचं सोडून "हे निघत का नाही?" असं ज्याला त्याला विचारत घरभर फिरला होता. तेव्हा पडलेलं नाव पुढे स्वभावालाही शोभलं. एक प्रश्न धरला की त्याचं उत्तर मिळेपर्यंत तो समोरच्याला सोडायचा नाही.

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताई कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत डाग काढायचं काम करते. चिकट्या शाळेतून थेट तिथेच यायचा. आई कोटावरचा तेलकट डाग एका बाटलीनं काढते आणि रक्ताचा नुसत्या थंड पाण्यानं, असं का, हा त्याचा पहिला प्रश्न. ताई म्हणायची, "तसंच असतं रे बाबा." एवढ्यावर गप्प बसेल तो चिकट्या कसला! भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात, मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. त्यावरून तो मला चिडवायचा, "मावशी, तू रसायनं विकतेस, आई रसायनं वापरते, बाबा रसायनांच्या वासानं शिंकतात. ती रसायनं करतात काय, ते मात्र मला एकट्यालाच शोधावं लागणार."

बीएस्सी झाल्यावर त्याला एमएस्सी करायचं होतं, तेही आमच्या शहरातल्या विद्यापीठातच, कारण तिथला रसायनशास्त्र विभाग नावाजलेला. तिथे प्रवेश मिळवायला काय काय लागतं, हे आमच्या घरात स्वयंपाक करता करता पाठ झालं होतं. रसायनशास्त्र घेऊन पदवी हवी. सेंद्रिय, असेंद्रिय आणि भौतिक, तिन्ही शाखा प्रात्यक्षिकांसकट झालेल्या हव्यात. गणित निदान दुसऱ्या वर्षापर्यंत घेतलेलं हवं. मग प्रवेश परीक्षा, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, आपल्याला हे का शिकायचंय त्याबद्दल स्वतः लिहिलेलं एक पान, आणि शेवटी मुलाखत. ते एक पान लिहायला तो माझ्याकडे येऊन बसला होता. म्हणाला, "मावशी, 'लहानपणापासून मला या विषयाची आवड आहे' असं सगळेच लिहितात गं. मी 'लहानपणापासून मी चिकट आहे' असं लिहू का?"

"लिही," मी म्हटलं. "घेतील तुला. टेबलाला चिकटवून ठेवतील."

पहिल्या खेपेला प्रवेश परीक्षेत माशी शिंकली ती गणितात. त्या विषयात गुण कमी पडले आणि त्याचं नाव मुख्य यादीत न येता प्रतीक्षा यादीत आलं. तेही पहिलंच. म्हणजे निवडलेल्यांपैकी एकानं जरी माघार घेतली, तरी हा आत. सगळी सुट्टी त्यानं फोन उशाशी घेऊन काढली. कोणीच माघार घेतली नाही. प्रवेश बंद झाले, वर्ग सुरू झाले, आणि मग त्याच्या एका वर्गमित्राकडून कळलं की एक जागा रिकामीच आहे. कोणीतरी प्रवेश पक्का केला आणि आलाच नाही. कळवलंही नाही. मुदत उलटून गेल्यावर ती जागा कोणालाच देता येत नव्हती.

चिकट्या सहसा चिडायचा नाही. त्या दिवशी मात्र जेवता जेवता ताट बाजूला सारून म्हणाला, "यायचं नव्हतं तर नको येऊ देत ना. पण सांगायला काय जात होतं, आई?"

ताईनं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

ते वर्ष त्यानं वाया घालवलं नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. दिवसभर विहिरींचं आणि टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं, त्यातला क्षार मोजायचा. संध्याकाळी घरी आला की गणित. भाऊजी शेजारी बसून बघायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण पोराचं उत्तर बरोबर आलं की त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना समजायचं आणि ते उठून चहा टाकायचे. पुन्हा परीक्षा झाली, पुन्हा मुलाखत झाली. मुलाखतीहून आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. "कसं झालं?" विचारलं, तर म्हणाला, "फळ्याजवळ उभं केलं आणि सोललं."

या खेपेला त्याचं नाव मुख्य यादीत आलं. वरच्या अर्ध्यात. यादी विभागाच्या वेबसाइटवर लागली, तेव्हा भाऊजी एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनपाशी होते. तिथून त्यांनी ताईला फोन केला, तिनं मला. मी गिऱ्हाईकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटदुखीचं देता देता राहिले. चिकट्यानं त्याच दिवशी प्रवेश पक्का केला. आता फक्त वर्ग सुरू व्हायचे होते.

ते सुरू व्हायच्या आधीच तो गेला. डोकं दुखतंय म्हणून कामावरून लवकर आला. ताईनं गोळी दिली, डोक्यावर गार पट्टी ठेवली. सकाळी त्याला मान वळवता येईना, आणि तो ताईला ओळखेना. मेंदूज्वर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं, मी स्वतः बघितलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. त्यापुढच्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही, आणि लिहून तरी कोणाला काय कळणार? भाऊजी रडले नाहीत. ताईही माणसं निघून गेल्यावर रडेना. दोघं घरात एकमेकांना धक्का लागू नये अशा बेतानं वावरायची, जणू कोणीतरी झोपलंय.

मी रोज संध्याकाळी जात होते. एकदा गेले तर ताईनं मला गॅलरीत नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या सुट्टी घेशील? विद्यापीठात जायचंय."

"कशाला?"

"त्याची जागा सोडायला. प्रवेश बंद व्हायला थोडेच दिवस राहिलेत. नंतर ती फुकट जाईल."

मी आत भाऊजींकडे बघितलं. ते फोन हातात धरून बसले होते. ताई म्हणाली, "यादी बघताहेत. रोज बघतात. कामावर असले की जेवणाच्या सुट्टीत बघतात."

आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते तिथूनच म्हणाले, "राहू दे ना गं त्याचं नाव तिथे."

"अहो, खाली कोणीतरी वाट बघत असेल."

"असेल. माझा मुलगा गेलाय. एक जागा रिकामी राहिली तर कोणाचं काय आभाळ कोसळणार आहे?"

"गेल्या वर्षी आपल्यावरच कोसळलं होतं की."

"तू गेलीस तर..." ते बोलता बोलता थांबले. मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "सगळीकडनं पुसलं गेलंय त्याचं नाव. प्रयोगशाळेत दुसरा माणूस आला. फोनचं कार्ड बंद झालं. ही एकच जागा आहे जिथे तो अजून यायचाय. तेवढी तरी ठेव."

ताई म्हणाली, "तो असता तर त्यानं कळवलं असतं." भाऊजी उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. रसायनशास्त्र विभागाची इमारत जुनी, दगडी, आणि आत शिरताच नाकाला झोंबणारा वास. ताईनं खोल श्वास घेतला. तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत थोडाफार असाच वास असतो. कार्यालयात खिडकीमागे चष्मा कपाळावर सरकवलेल्या एक बाई बसल्या होत्या. समोर फायलींचा ढीग, मागे कुरकुरणारा पंखा. ताईनं चिकट्याचा अर्ज क्रमांक सांगितला आणि म्हणाली, "हा प्रवेश रद्द करायचाय."

"उमेदवार कुठेत?" बाईंनी मान वर न करता विचारलं. "त्यांनी स्वतः यायचं असतं. नाहीतर त्यांच्या ईमेलवरून अर्ज करायचा, सही करून."

"तो नाही येऊ शकत."

"मग उद्या येऊ दे. अजून मुदत आहे."

मीच पुढे झाले. "अहो, तो गेला."

"गेला? कुठे गेला?" बाई वैतागून म्हणाल्या. "दुसरीकडे मिळाला असेल प्रवेश. सगळे हेच करतात हो. इथं जागा अडवून ठेवायची, आणि जास्त चांगलं काही मिळालं की निघून जायचं. निदान तुम्ही सांगायला तरी आलात. नाव कुठलं त्या विद्यापीठाचं? रकान्यात भरावं लागतं."

काउंटरच्या कडेवरची ताईची बोटं पांढरी पडली. शेवटी ताईच बोलली. दुकानात गिऱ्हाईकाला 'हा डाग जाणार नाही' असं सांगायची वेळ आली की तिचा आवाज जसा हळू होतो, तसा झाला. "बाई, माझा मुलगा वारला. आजारी पडून. मागच्या महिन्यात."

बाईंनी वर बघितलं. कपाळावरचा चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मग त्या खिडकीमागून उठल्या आणि दार उघडून बाहेर आल्या. त्यांनी ताईचा हात धरला नाही, सांत्वनाचं काही बोलल्याही नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "आत या. उभं नका राहू." खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिलं, आणि विभागप्रमुखांना बोलवायला लगबगीनं निघून गेल्या. जाताना त्यांची चप्पल पायातून निसटली, तरी थांबल्या नाहीत.

विभागप्रमुख सर वयस्कर होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आवाज मऊ. ताईच्या समोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "सहीची अडचण नाही. मी माझ्या अधिकारात करतो. जागा आजच पुढच्या उमेदवाराला जाईल." मग म्हणाले, "मुलाखत मीच घेतली होती. मला चांगला आठवतो तुमचा मुलगा."

ताई एकदम ताठ बसली. "आठवतो?"

"हो. उंच मुलगा. डावखुरा. फळ्यावर अभिक्रियेचे बाण काढताना लिहिलेलं हातानं पुसलं जायचं, म्हणून सारखा हसत होता. एक उत्तर चुकला, मग म्हणाला, 'सर, पुन्हा पहिल्यापासून करू द्या.' आम्हाला तेच आवडलं."

मी सरांकडे बघत राहिले. आमचा चिकट्या भाऊजींच्या खांद्याला लागायचा. उंच नव्हता. आणि डावखुरा तर नव्हताच नव्हता. सर दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते. दिवसभरात शंभर मुलं फळ्यासमोर उभी राहिली असतील, त्यांचा तरी काय दोष? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "हो. हसराच होता तो."

"स्वभाव शांत होता."

"हो."

"आणि अक्षर फार सुंदर."

चिकट्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ताई म्हणाली, "हो. लहानपणापासूनच." आणि थोडी पुढे सरकली, अजून काही सांगतील या आशेनं. सरांकडे तेवढंच होतं. त्यांनी कागदावर सही केली, शिक्का मारायला बाईंकडे दिला, आणि विचारलं, "आणखी काही करू शकतो का?"

"तो कुठे उभा राहिला असता, ते बघता येईल?"

सर आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेले. लांबलचक खोली, उंच खिडक्या, ओळीनं टेबलं, त्यावर नळ आणि काचेच्या नळ्यांची स्टॅंडं. वर्ग सुरू व्हायचे होते, त्यामुळे सगळं धुऊन पुसून पालथं घातलेलं. सरांनी खिडकीजवळचं एक टेबल दाखवलं. "नवीन मुलं या बाजूला असतात." टेबलाच्या लाकडावर जुने जांभळे-तपकिरी डाग होते, कुणाकुणाच्या हातून सांडलेले. ताईनं त्यावर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. सर दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. बऱ्याच वेळानं तिनं हात उचलला, पदराला पुसला, आणि आम्ही निघालो.

जिन्यात मला राहवलं नाही. "ताई, अगं, डावखुरा? सुंदर अक्षर?"

ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. "माहितीये मला," ती म्हणाली. "घरी कोणी त्याचं नाव काढत नाही. हे सर बोलत तरी होते."

संध्याकाळपर्यंत वेबसाइटवरची यादी बदलली. चिकट्याच्या खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली आणि अगदी शेवटी प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव येऊन बसलं. एका मुलीचं. मी मनात म्हटलं, कुठल्याशा घरात आत्ता आरडाओरडा चालला असेल, कोणीतरी चहा टाकत असेल. मला बरं वाटायला हवं होतं. भाऊजींनी ती यादी पाहिली, फोन पालथा ठेवला आणि न जेवता झोपले. त्यानंतर ते ताईशी कामापुरतंच बोलू लागले. भाजी आणू का, किल्ली ठेवली का, एवढंच. ताईनं त्यांना काही समजावलं नाही. मला म्हणाली, "त्यांच्या हातातलं मीच काढून घेतलंय. राग असायलाच हवा."

वर्ग सुरू झाले त्या दिवशी ताई कामावर गेली. म्हणाली, घरात बसले तर भिंती अंगावर येतील. दुपारी मला भाऊजींचा फोन आला. त्यांनी मला आपण होऊन कधी फोन केल्याचं आठवत नाही. "ताईला घेऊन येशील का जरा?" ते म्हणाले. "मी विद्यापीठासमोरच्या बसथांब्यावर आहे. उठता येत नाहीये."

मला वाटलं, छातीत दुखायला लागलंय. मी दुकानातून तशीच धावले, ताईला तिच्या दुकानातून उचललं, रिक्षा केली. भाऊजी बाकावर बसले होते. कामाचे कपडे, पायाशी अवजारांची पिशवी. दिसायला धडधाकट. ताईनं कपाळाला हात लावून बघितलं. "काय होतंय?"

"काही नाही. सकाळी कामाला निघालो, आणि इथे उतरलो." ते समोरच्या फाटकाकडे बघत होते. "मुलं आत जाताना बघितली. किती लहान दिसतात गं. आपला एवढा लहान होता? मला तर तो बाप्या वाटायला लागला होता." त्यांचा आवाज फुटला. "एकेकाचा चेहरा बघितला मी. तो नसणार हे मला कळत नाही का? तरी बघितला."

आणि मग ते रडले. भर रस्त्यात, बस येत-जात असताना, तोंडावर हात न धरता. दवाखान्यात न रडलेला माणूस. ताई त्यांच्या शेजारी बसली. तिनं त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तीही रडायला लागली, इतक्या दिवसांचं साठलेलं. बससाठी थांबलेली माणसं लांब सरकून उभी राहिली. मी अवजारांची पिशवी उचलून मांडीवर घेतली, दुसरं काय करणार?

बऱ्याच वेळानं ताईनं डोळे पुसले. "चला, घरी जाऊ."

"थांब ना थोडं," भाऊजी म्हणाले. "सुटायची वेळ झालीये."

ती उठली नाही. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. ऊन रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. मग फाटकातून मुलं बाहेर पडू लागली, दोघं-तिघं, मग घोळक्यानं. कोणाच्या हातावर पांढरा कोट लोंबत होता, कोणी भूक लागली म्हणून ओरडत होतं, एक मुलगी फोनवर आईला सांगत होती की पहिल्याच दिवशी काच फोडली. भाऊजी मान उंच करून प्रत्येकाकडे बघत होते. ताईही बघत होती. मीही बघितलं, खोटं कशाला सांगू.

शेवटचा मुलगा सायकल ढकलत बाहेर आला आणि निघून गेला. पहारेकऱ्यानं फाटक ओढून घेतलं. ताईनं भाऊजींच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. पुढची बस आली, तीत आम्ही चढलो.